व्हॅनिलाची गाडी, आज्जीची गाडी: एका लाडक्या गोष्टीची तपासणी

संशोधन पद्धतीवरचं कुठलंही व्याख्यान घ्या, तासाभरात एक गोष्ट हमखास येते. पेट-नेटची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपवर ती मराठीत फिरते आणि कार्यशाळांच्या स्लाइडवरही असते. तुम्ही ऐकली असेलच, तरी थोडक्यात सांगते.

अमेरिकेतला एक माणूस पाँटियाक गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीला पत्र लिहितो. त्याच्या घरी रोज रात्री जेवणानंतर आईस्क्रीम आणायची पद्धत असते. कुठल्या चवीचं आणायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि यानं गाडी काढून दुकानात जायचं. तक्रार अशी, की व्हॅनिला आणलं की परत निघताना गाडी चालू होत नाही. दुसरं कुठलंही आईस्क्रीम घेतलं की होते. कंपनीत सगळे हसतात, तरी एक इंजिनिअर पाठवतात. तो काही रात्री सोबत जातो आणि खरंच तसंच होतं. मग तो वेळ, पेट्रोल, जाण्यायेण्याचा काळ असं सगळं वहीत लिहायला लागतो. शेवटी त्याच्या लक्षात येतं की व्हॅनिला जास्त खपतं म्हणून दुकानात पुढंच ठेवलेलं आहे, लगेच मिळतं. बाकीच्या चवी मागच्या बाजूला आहेत, त्यांना वेळ लागतो. म्हणजे प्रश्न चवीचा नसून वेळेचा. इंजिन गार व्हायला वेळ मिळाला नाही की पेट्रोलच्या नळीत वाफ अडकते, तिला व्हेपर लॉक म्हणतात. गोष्ट संपली, टाळ्या.

मलाही ही गोष्ट आवडायची. कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी स्वतः ती सांगितली आहे. आता सांगत नाही. गोष्ट वाईट आहे असं नाही, पण संशोधन शिकवण्यासाठी ती जिथं थांबते, तिथून खरं काम सुरू होतं. हे मला कळलं ते आमच्या काकांच्या जुन्या गाडीमुळं, जतमध्ये.

आधी गोष्टीचं चांगलं ते

तीन गोष्टी तिच्यात बरोबर आहेत. पहिली, इंजिनिअरनं तक्रार वेड्यात काढली नाही. दुसरी, त्यानं लिहून ठेवलं. जो बिघाड कधी येतो आणि कधी जातो, त्याच्या बाबतीत आपली आठवण फार दगा देते. आवाज आलेले दिवस लक्षात राहतात आणि न आलेले विसरले जातात. तिसरी आणि महत्त्वाची, ग्राहकाचं निरीक्षण आणि ग्राहकाचं कारण या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या केल्या. 'व्हॅनिलाच्या रात्री गाडी बंद पडते' हे निरीक्षण खरं होतं, 'व्हॅनिलामुळं बंद पडते' हे कारण चूक होतं. दोन्हीच्या मागं एक तिसरा, दडलेला घटक होता. परीक्षेच्या भाषेत कन्फाउंडिंग व्हेरिएबल. इथपर्यंत उत्तम.

मग अडचण कुठं आहे?

एका कागदावर चार खण आखा. व्हॅनिला आणि लवकर. व्हॅनिला आणि उशीर. चॉकलेट आणि लवकर. चॉकलेट आणि उशीर. आता सांगा, गोष्टीत यातले किती खण भरलेले आहेत?

दोनच. व्हॅनिला-लवकर आणि चॉकलेट-उशीर. चव आणि वेळ या दोन गोष्टी गोष्टीच्या शेवटपर्यंत एकमेकींना चिकटलेल्या आहेत. त्यामुळं 'कारण वेळ आहे' हे इंजिनिअरचं म्हणणं आणि 'कारण व्हॅनिला आहे' हे ग्राहकाचं म्हणणं, दोन्ही त्या वहीतल्या नोंदींशी तितकीच जुळतात. इंजिनिअरचं म्हणणं आपल्याला पटतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. पटणं हा पुरावा नव्हे.

आणि पुरावा मिळवणं किती सोपं होतं बघा. एका रात्री व्हॅनिला घ्यायचं आणि दुकानाबाहेर काही वेळ उगाच उभं राहायचं. दुसऱ्या रात्री चॉकलेट आधीच काढून ठेवायला सांगायचं आणि लगेच निघायचं. दोन रिकामे खण भरले असते. गोष्टीत हे कुणी करत नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये भेदाची पद्धत मांडली, ती आपण नेटसाठी पाठ करतो: बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदला. ज्या गोष्टीतून आपण ही पद्धत शिकवायला जातो, तिच्यातच ती वापरलेली नाही.

शिवाय ते वाफेचं स्पष्टीकरणही तपासायला हवं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल तापून नळीत वाफ होते आणि पंपाला ती पुढं ढकलता येत नाही, हे खरं आहे. पण इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि तापलेलं लोखंड मात्र उष्णता देतच राहतं. त्यामुळं बॉनेटखालची उष्णता बंद केल्यावर काही वेळ उलट वाढते. म्हणजे 'कमी थांबलं की जास्त गरम, थोडं जास्त थांबलं की गार' हे गोष्टीत वाटतं तितकं सरळ नाही. किती मिनिटांवर काय होतं हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजलेलं काही गोष्टीत नाही.

शेवटची उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. गाडी कुणी दुरुस्तच करत नाही. नळी हलवली किंवा तिच्यावर आवरण घातलं आणि मग लवकर परत येऊनही गाडी चालू झाली, असं काही घडत नाही. कारण सापडलं, एवढं जाहीर करून सगळे घरी जातात.

आता आमची गाडी

काकांची डिझेल गाडी २,६०,००० किलोमीटर चाललेली. तिचं मुख्य काम म्हणजे महिन्यातून एकदा आज्जीला मिरजेला दवाखान्यात नेणं. जत, नागज, कवठेमहांकाळ, मिरज हा रस्ता तिला पाठ आहे. मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर एक आवाज सुरू झाला. खट्. एकदाच, कुठून तरी खालून. मग तास-दोन तास काही नाही. आज्जी गाडीत असली की हमखास, नसली की क्वचित.

झालं, घरात कारण ठरलं: मागच्या सीटवर वजन पडलं की काहीतरी वाजतंय. आज्जी स्वतःच म्हणायची, "माझ्यागतच गुडघं गेल्यात तिचं."

मिस्त्रींनी गाडी दोनदा फिरवून आणली. आवाज नाही. "अण्णा, आन की तो आवाज, मग बघतो," असं काकांना म्हणाले आणि त्यात काही चूक नव्हतं. रॉबर्ट पर्सिगनं १९७४ च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या पुस्तकात अधूनमधून येणारा बिघाड हा दुरुस्ती करणाऱ्याच्या उमेदीचा वेगळाच शत्रू म्हणून नोंदवला आहे. दुरुस्त करायला बसलं की तो गायब होतो. त्याचा सल्लाही साधा आहे: बिघाड येतो तेव्हा गाडी नेमकं काय करत असते ते बघत राहा. खड्ड्यात, वळणावर, वेग घेताना, उन्हात?

आम्ही ते केलं नाही. वजनाचं कारण पटलेलं होतं, त्यामुळं आधी लिंक रॉड बदलला. पुढच्या फेरीला आवाज आला. मग मागचे दोन्ही शॉकअप बदलले. त्यानंतर ११ दिवस आवाज नाही. काका खूश, मिस्त्री खूश. बाराव्या दिवशी मिरजेची फेरी होती आणि दारातून निघून रस्त्याला लागताना, खट्.

ते ११ दिवस आठवून बघा. त्या दिवसांत आज्जी गाडीत बसलीच नव्हती. आवाज यायची परिस्थितीच आली नव्हती, आणि आम्ही त्याला 'शॉकअपनं गुण आला' म्हणत होतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडावर केलेला प्रत्येक उपाय काही दिवस लागू पडल्यासारखा दिसतोच.

तोवर काका गाडी काढायच्या गोष्टी करायला लागले होते. जुन्या गाडीत खालून आवाज येतोय आणि कारण सापडत नाही, अशा गाडीतून म्हाताऱ्या आईला घाटमाथ्यानं न्यायचं कसं, ही त्यांची काळजी. आणि गाडी गेली तर आज्जीला एसटीनं न्यावं लागणार होतं, जे तिला झेपणारं नव्हतं.

आज्जीनं मोडलेलं गृहीतक

पुढच्या फेरीला आज्जी काठी घेऊन दारात उभी होती. काकांनी गाडी बोळातून मागं घेत दारापाशी आणली, थांबवली. आज्जी म्हणाली, "आत्ता वाजलं की. मी तर अजून बसली बी न्हाई."

वजनाचं कारण त्या एका वाक्यात मेलं. महिनाभर आम्ही सगळे गाडीच्या आत बसून ऐकत होतो. बाहेर उभं राहून ऐकणारी ती एकटीच होती.

मग प्रश्न असा: आज्जीच्या दिवशी वजनाखेरीज दुसरं काय वेगळं असतं? उत्तर डोळ्यांसमोर होतं. एरवी गाडी रस्त्याकडेला उभी असते आणि सरळ पुढं निघते. आज्जीला तेवढं चालवत नाही, म्हणून त्या दिवशी गाडी रिव्हर्स घेऊन दारात आणतात. दवाखान्याबाहेरूनही रिव्हर्स घेऊनच निघावं लागतं.

इथं थांबलो असतो तर आमची गोष्टही व्हॅनिलाची गोष्ट झाली असती. कारण आज्जी आणि रिव्हर्स या दोन गोष्टी अजून चिकटलेल्याच होत्या. आज्जीचं वाक्य एका वेळचं होतं. म्हणून आधी मिस्त्रींकडून ब्रेक नीट लागतायत ना एवढं बघून घेतलं आणि गाडी माळावर नेली. आज्जीऐवजी मागच्या सीटवर ज्वारीची पोती. चार खण: पोती आणि रिव्हर्स, पोती पण रिव्हर्स नाही, रिकामी आणि रिव्हर्स, रिकामी पण रिव्हर्स नाही. प्रत्येक खण ५ वेळा, म्हणजे २० फेऱ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, नाहीतर गाडी तापत गेल्याचा परिणाम एकाच खणावर पडला असता. प्रत्येक फेरीत थोडं अंतर जाऊन ब्रेक दाबायचा. पोती चढवता-उतरवता चुलतभावाचा जीव गेला. काका म्हणाले, "पोरी, आवाज शोधतीयस का ब्रेक झिजवतीयस?"

रिव्हर्सनंतरच्या १० फेऱ्यांत ९ वेळा आवाज आला. रिव्हर्स न घेतलेल्या १० फेऱ्यांत एकदाही नाही. पोत्यांनी काही फरक पडला नाही.

आणि वेळही आता नेमकी कळली. दिशा बदलल्यानंतरचा पहिला ब्रेक. दुसऱ्या ब्रेकला काही नाही. हे ऐकल्यावर मिस्त्रींना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी पुढची चाकं काढली, ब्रेक पॅड बोटांनी हलवून दाखवला. पॅड जागेवर घट्ट धरणारी पत्र्याची क्लिप डाव्या बाजूला नव्हतीच, उजवीकडची ढिली झाली होती. गाडी मागं जाताना ब्रेक लागला की पॅड एका बाजूला सरकायचा, पुढं जाताना पहिला ब्रेक लागला की दुसऱ्या बाजूला आपटायचा. खट्. मग परत दिशा बदलेपर्यंत तो तिथंच टेकून राहायचा, म्हणून शांत.

पॅड त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच बदलले होते. तेव्हा क्लिप परत बसवायची राहिली असावी. 'पॅड नवे आहेत' म्हणूनच ब्रेक संशयितांच्या यादीतून आम्ही पहिल्या दिवशीच काढून टाकले होते.

अजून एक गंमत. मिस्त्री गाडी तपासायला गॅरेजातून बाहेर काढायचे ती रिव्हर्सच घेऊन. म्हणजे रस्त्याला लागतानाच्या पहिल्या ब्रेकला आवाज तेव्हाही येत असणार. पण त्यांच्या हिशेबी टेस्ट त्यानंतर, सरळ रस्त्यावर सुरू होत होती. नोंद घ्यायला सुरुवात करायच्या आधीच नोंद घ्यायची गोष्ट होऊन गेलेली असायची.

नव्या क्लिपा बसवल्या. रिव्हर्स, पुढं, ब्रेक, १० वेळा, आवाज नाही. मी म्हटलं, काका, आता क्लिपा परत काढून बघूया. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "गेलेला आवाज परत आणायचा व्हय?" पण काढल्या. आवाज परत आला. बसवल्या, गेला. तेव्हा कुठं मी वहीत 'कारण' हा शब्द लिहिला.

गोष्टीतला माणूस आणि गॅरेजातली माणसं

व्हॅनिलाच्या गोष्टीवर माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो पद्धतीपेक्षा माणसांबद्दल आहे. तिच्यात ग्राहक भोळा आहे, इंजिनिअर हुशार आहे आणि उत्तर एकट्या हुशार माणसाच्या डोक्यात येतं. प्रत्यक्षात असं क्वचित होतं.

ज्युलियन ऑर हे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ. कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांसोबत फिरून त्यांनी लिहिलेलं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' १९९६ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यात दिसतं की छापील मॅन्युअलमधल्या पायऱ्या अवघड बिघाडात पुरत नाहीत. तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांच्या कहाण्या सांगतात, ग्राहकाकडून काय घडलं ते काढून घेतात आणि त्यातून निदान उभं राहतं. डग्लस हार्पर यांचं 'वर्किंग नॉलेज' १९८७ चं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका छोट्या गॅरेजात साब गाड्या दुरुस्त करणारा विली हा त्याचा नायक, आणि हाताला काय कळतं याचं इतकं बारीक वर्णन मी दुसरीकडं वाचलेलं नाही. संशोधन शिकवायला गाडीचंच उदाहरण हवं असेल तर ही दोन पुस्तकं व्हॅनिलापेक्षा कितीतरी उपयोगी आहेत.

आमच्याकडं वजनाचं गृहीतक आज्जीनं मोडलं, यंत्रणा मिस्त्रींच्या बोटांनी ओळखली. माझं काम फक्त चार खण आखणं आणि चिठ्ठ्या टाकणं.

माझ्या प्रबंधात काय झालं

हे सगळं लिहायचं खरं कारण हे आहे. माझा विषय जत तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी. माझ्या नोंदींत काही विहिरी 'अधूनमधून' खाली जायच्या, आणि मी प्रकरणात त्याचं कारण खडकातल्या भेगा असं लिहून टाकलं होतं. शहाणपणाचं वाटणारं कारण. माळावरून परत आल्यावर मी माझी वही उघडली. शेतीपंपांची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. मी नेहमी सकाळी मोजायचे. आदल्या रात्री शेजारचा पंप चालला होता की नाही, याचा रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता. माझा रिव्हर्स गिअर तिथं होता.

भेगांचं कारण चूक आहे असं मी अजून म्हणत नाही. पण माझे चारपैकी दोनच खण भरलेले होते, आणि ते प्रकरण मी गाईडकडून परत घेतलं. आता तोच तक्ता वीज-वेळेच्या रकान्यासह पुन्हा भरते आहे. सहा महिने गेले. वाईट वाटलं, पण तोंडी परीक्षेत वाटण्यापेक्षा आत्ता बरं.

तर व्हॅनिलाचं काय करायचं?

सेमिनारमध्ये ती गोष्ट सांगायची असेल तर जरूर सांगा, फक्त दोन पथ्यं पाळा. तिला 'केस स्टडी' म्हणू नका. फिरणाऱ्या गोष्टीत ना ग्राहकाचं नाव असतं, ना इंजिनिअरचं, ना कुठल्या अहवालाचा पत्ता. ती लोककथा आहे, आणि लोककथा उदाहरण म्हणून चालते, पुरावा म्हणून चालत नाही. दुसरं, 'प्रश्न चवीचा नसून वेळेचा' या वाक्यावर थांबू नका. तिथं फळ्यावर चार खण आखा आणि समोरच्यांना विचारा: इंजिनिअरनं दुसऱ्या दिवशी काय करायला हवं होतं? खरा तास तिथून सुरू होतो.

आणि स्वतःच्या विषयात 'कधीकधी' हा शब्द लिहिला असेल तर तो शोधून काढा. त्याच्यापुढं तीन रकाने आखा: झालं तेव्हा काय चालू होतं, झालं नाही तेव्हा काय चालू होतं, आणि मी मोजायला सुरुवात करण्याआधी काय होऊन गेलं. तिसरा रकाना बहुतेक रिकामा निघेल. माझा निघाला होता.

काकांची गाडी आता २,७१,००० वर आहे. मागच्या आठवड्यात मिरजेची फेरी झाली. आज्जी अजूनही दारात उभी राहून गाडी थांबली की कान देते, मग म्हणते, "न्हाई वाजलं. चल."